वाचकांचे प्रश्न : गाण्याचा व्हिडिओ, रफ कटनंतर

गाण्याच्या व्हिडिओचं शूटिंग उरकून रफ कटपाशी, म्हणजे शॉट जोडून केलेल्या पहिल्या कच्च्या प्रतीपाशी, अडकलेल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कॅमेरा, प्रकाशयोजना आणि वेशभूषेचे प्रश्न वगळले आहेत. शूटिंग संपल्यावर हातात जे उरतं, त्यातून काय करता येईल एवढ्यापुरतंच हे सदर.

प्रश्न : आमच्या गटाने रफ कट वर्गात दाखवला. सगळे ‘मस्त झालाय’ म्हणाले. आम्हाला मात्र मधला भाग पडलेला वाटतो. खरोखर उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा मिळवायचा?

‘कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. विचारणाऱ्याला बरं वाटतं, सांगणाराही सुटतो. त्यामुळे आधी प्रेक्षक बदला आणि मग प्रश्न.

एका फेरीला पाच-सहा जण पुरतात. शूटिंगला हजर असलेला कुणीही त्यात नको. ज्याने तो शॉट घ्यायला किती त्रास झाला हे पाहिलंय, त्याला तो शॉट चांगलाच दिसतो. निम्म्या लोकांनी ते गाणं आधी ऐकलेलं नसावं. एक गोष्ट मात्र जपून वापरा : माणूस नवखा प्रेक्षक एकदाच असतो. दुसऱ्यांदा पाहताना त्याला कथा ठाऊक असते, त्यामुळे ‘आता कळलं’ या त्याच्या म्हणण्याला अर्थ राहत नाही. तीन फेऱ्या करायच्या असतील तर पंधरा-अठरा माणसं मनाशी धरा आणि पहिल्याच दिवशी सगळी खर्चू नका.

चाचणीच्या प्रतीवर कोपऱ्यात चालती वेळ छापून घ्या. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमकोड चित्रावर उमटवायची सोय असते. ही प्रत मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवू नका. तिथे फाइल दाबून लहान केली जाते आणि मग अर्धे अभिप्राय ‘धूसर दिसतंय’ एवढेच येतात. समोर बसवून दाखवणं सर्वात उत्तम.

सुरुवातीला कथा सांगायची नाही, माफीही मागायची नाही. रंगांचं काम बाकी असेल तर तेवढं एक वाक्य सांगा, नाहीतर सगळे त्यावरच बोलतील. पहिल्यांदा व्हिडिओ सलग, न थांबवता दाखवा. तुमच्यापैकी एकाने पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून बसावं. नजर कधी हलली, कुणी फोन चाळला, कुणी खुर्चीत सावरून बसलं, त्या त्या वेळा टिपायच्या. चेहऱ्यावरची प्रतिक्रिया दोन-तीन सेकंद उशिरा उमटते, म्हणून टिपलेल्या वेळेतून तेवढी वजा करा.

व्हिडिओ संपल्यावर लगेच चर्चा सुरू करू नका. जो पहिला बोलतो त्याच्या मागे बाकीचे वाहत जातात. आधी तीन मिनिटं प्रत्येकाला कागदावर लिहू द्या. प्रश्न चारच ठेवा : यात काय घडलं ते दोन वाक्यांत लिहा, कोणतं दृश्य डोळ्यांसमोर राहिलं, लक्ष कुठे उडालं, काय कळलं नाही. ‘आवडलं का?’ हा प्रश्न यात नाही, आणि तो नसणंच बरं. यानंतर दुसऱ्यांदा दाखवा आणि कंटाळा येईल तिथली कोपऱ्यातली वेळ लिहायला सांगा. तुमचा मधला भाग खरंच पडलाय का, हे या कागदांवर सेकंदानिशी दिसेल.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे गप्प बसणं. ‘नाही, म्हणजे तो त्याचा भाऊ आहे’ असं एकदा खुलाशादाखल बोललात की ती फेरी संपली.

प्रश्न : सहा जणांना दाखवला. एक म्हणतो फार वेगवान आहे, दुसरी म्हणते रेंगाळतो. एकाने कथाच काढून टाका असं सुचवलं. ऐकायचं कुणाचं?

जागेच्या बाबतीत सगळ्यांचं ऐका. उपायाच्या बाबतीत लगेच कुणाचंच ऐकू नका. कुठे खटकलं हे प्रेक्षक बहुधा बरोबर सांगतो, पण का खटकलं याचा तो अंदाज बांधतो. तो अंदाज तसाच अमलात आणला तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते.

कागदाचे चार रकाने करा : वेळ, काय म्हणाले, किती जण म्हणाले, संभाव्य कारण. चौथा रकाना तुम्ही भरायचा, आणि तो भरताना टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधली शॉट क्रमाने मांडायची पट्टी) दहा-वीस सेकंद मागे जायचं. ‘शेवट कळला नाही’ या तक्रारीचं मूळ शेवटात क्वचितच सापडतं. समजा, ४०व्या सेकंदाला पत्र दिसतं, पण ते १८ फ्रेम (एक फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र, सेकंदाला साधारण २५) टिकतं आणि त्याच वेळी गायिकेचा चेहरा समोर येतो. प्रेक्षकाने चेहरा पाहिला, पत्र निसटलं. मग शेवटी ते पत्र पुन्हा आलं की कुठलं पत्र, असा प्रश्न पडणारच. शेवट लांबवून हे सुटत नाही. ४०व्या सेकंदाला पत्र दोन-अडीच सेकंद एकटं दाखवलं की सुटतं.

‘वेगवान’ आणि ‘रेंगाळतो’ हे दोन अभिप्राय एकाच जागेबद्दल असू शकतात, आणि दोन्ही खरेही असू शकतात. शॉट छोटे असून प्रत्येकात नवी जागा किंवा नवा माणूस असेल तर डोळ्याला वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून ‘वेगवान’. त्याच तुकड्यात कथा मात्र पुढे सरकत नसेल तर ‘रेंगाळतो’. ओळखीचा चेहरा १५ फ्रेममध्येही वाचता येतो, अनोळखी खोली नाही. त्यामुळे कोणतीही जागा, वस्तू किंवा व्यक्ती पहिल्यांदा येते तेव्हा दोन-तीन सेकंद द्या, नंतर हवी तेवढी कापा. डोळ्याची वाटही तपासा. एका शॉटच्या शेवटी नजर चौकटीच्या डाव्या टोकाला असेल आणि पुढच्या छोट्या शॉटमधली महत्त्वाची वस्तू उजव्या टोकाला, तर नजर तिथे पोचेपर्यंत शॉट संपतो. शॉटची अदलाबदल किंवा चौकट थोडी सरकवणं एवढ्यानेही ‘वेगवान’ ही तक्रार विरते.

मध्यात येणारा कंटाळा बहुतेक वेळा पुनरावृत्तीचा असतो. तोच जिना, तीच चाल, तोच कोन तिसऱ्यांदा आला की दोन सेकंदही लांब वाटतात. तिथे शॉट आखडून फायदा नाही, तिसरी खेप काढूनच टाका.

आता संख्येचं. सहापैकी चार जणांनी एकाच पाच सेकंदांच्या पट्ट्यावर बोट ठेवलं, तर ते सोडवायलाच हवं. दोघांनी ठेवलं तर पाहायचं. एकट्याची आवड-निवड असेल तर नोंद करून पुढे जायचं. तांत्रिक चूक मात्र एकाने सांगितली तरी पुरे : ओठ जुळत नाहीत, मध्येच काळी फ्रेम चमकली, नाव चुकीचं लिहिलंय. अशा गोष्टींवर मतदान घ्यायचं नसतं.

कथा काढून टाका म्हणणाऱ्याचं काय करायचं? त्याने ‘काय घडलं’ या प्रश्नाला काय लिहिलंय ते पाहा. तो रकाना कोरा असेल तर त्याला कथा नको नव्हती, ती दिसलीच नव्हती.

बदल करताना मूळ टाइमलाइनची प्रत करून तिला क्रमांक आणि तारीख द्या. दोन पर्यायांमध्ये अडलात तर निम्म्या लोकांना आधी ‘अ’ आणि निम्म्यांना आधी ‘ब’ दाखवा. क्रम सगळ्यांना सारखा ठेवलात तर फरक संकलनाचा की क्रमाचा, हे सांगता येत नाही.

प्रश्न : सुरुवातीला ओठ गाण्याशी जुळतात, शेवटी जुळत नाहीत. फोनवर शूटिंग केलं आहे. चूक कुठे असेल?

चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच आहे की वाढत जाते, हे आधी ठरवा. एखादा लाँग टेक, म्हणजे न थांबता घेतलेला लांब शॉट, घ्या आणि सुरुवात, मध्य व शेवट असे तीन बिंदू तपासा. त्यासाठी प, फ, ब, भ, म यांपैकी अक्षर असलेला शब्द शोधा. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. ‘प’ किंवा ‘ब’चा आवाज फुटतो त्याच्या लगेच आधीच्या फ्रेमला ओठ मिटलेले दिसले पाहिजेत. अ, ए, ओ यांवरून सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, तपासायला गेलात तर फसाल.

तिन्ही ठिकाणी फरक सारखा असेल तर क्लिप तेवढ्या फ्रेम सरकवली की झालं. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं वाजवून शूट केलं असेल तर आवाज उशिरा निघतो, गायक त्यामागे उशिरा गातो. अंतराचाही परिणाम असतो : आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे स्पीकर बारा मीटर लांब असेल तर जवळजवळ ३५ मिलिसेकंद गेले. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ही जवळपास एक फ्रेम झाली.

फरक एकसारखा वाढत असेल तर फ्रेम-रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, घोळ आहे. २९.९७ने शूट केलेली क्लिप सॉफ्टवेअरने ३० समजून चालवली तर चित्र हजारात एक भागाने वेगात पळतं. तीन मिनिटांच्या गाण्यात हा फरक ०.१८ सेकंदांचा, म्हणजे पाच फ्रेमच्या आसपास होतो. क्लिपचा फ्रेम-रेट नीट नोंदवा, नाहीतर वेग ९९.९ टक्के करा.

फरक कधी वाढतो, कधी कमी होतो असं दिसलं तर संशय फोनवर घ्या. बरेच फोन बदलत्या फ्रेम-रेटने रेकॉर्ड करतात. उजेड कमी झाला की सेकंदाच्या फ्रेम घटतात. अशा क्लिप टाइमलाइनवर घेण्याआधी स्थिर फ्रेम-रेटमध्ये बदलून घ्याव्या लागतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय आहे. संकलन अर्धं झाल्यावर हे लक्षात आलं तर क्लिप बदलून, तीच नावं ठेवून पुन्हा जोडा आणि प्रत्येक गाणारा शॉट तपासा.

किती चूक खपते? आवाज चित्राच्या पुढे गेलेला माणसाला लवकर खटकतो, मागे पडलेला जरा उशिरा. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत जाणवण्याची मर्यादा आवाज पुढे असताना सुमारे ४५ आणि मागे असताना सुमारे १२५ मिलिसेकंद अशी दिली आहे. गाणाऱ्या चेहऱ्याच्या क्लोज-अपमध्ये मात्र एका फ्रेमच्या आत राहा, तिथे प्रेक्षक दुसरं काही पाहतच नसतो.

एक राहिलं. ५० फ्रेमने शूट करून संथ केलेल्या शॉटमध्ये ओठ जुळणार नाहीत. त्यासाठी शूटिंगलाच गाणं दुप्पट वेगाने वाजवून गाऊन घ्यावं लागतं. ते केलं नसेल तर संथ शॉट न गाणाऱ्या क्षणांसाठी राखून ठेवा.

प्रश्न : प्रत्येक ठोक्यावर कट दिलाय, तरी व्हिडिओ यांत्रिक वाटतो. लय चुकतेय का?

लय चुकत नाहीये, ती अति बरोबर येतेय. मिनिटाला १०० ठोक्यांचं तीन मिनिटांचं गाणं म्हणजे ३०० ठोके. प्रत्येकावर कट दिला तर ३०० शॉट, प्रत्येक ०.६ सेकंदांचा. पंधरा-वीस सेकंदांत प्रेक्षकाला पुढचा कट कधी येणार ते कळतं आणि त्याचं लक्ष चित्रावरून उडून कटांवर जातं. तबलजी सबंध गाणं नुसत्या ठेक्यावर काढत नाही, मध्ये उठाण आणि तिहाईची जागा ठेवतो. संकलकानेही ठेवावी.

व्यवहारात असं करा. टाइमलाइनवर तीन रंगांचे मार्कर लावा : समेसाठी एक, शब्दांच्या जोरासाठी दुसरा, वाद्यांच्या खास जागांसाठी तिसरा. कडव्यात चार किंवा आठ मात्रांना एक कट पुरतो, म्हणजे वरच्या गाण्यात २.४ किंवा ४.८ सेकंद. ध्रुवपदात दोन मात्रांवर या. सगळ्यात जलद तुकडा एकच ठेवा, आणि त्याच्या आधी एक लांब शॉट. वेग हा शेजारच्या शॉटच्या तुलनेतच वेग वाटतो.

काही कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी द्या, म्हणजे ठोका पडेपर्यंत नवं चित्र डोळ्यात स्थिरावलेलं असतं. काही ठिकाणी कट देऊच नका. हात आपटतो, मान वळते, दार बंद होतं ती फ्रेम ठोक्यावर आणा. त्यासाठी स्लिप हे साधन वापरा. क्लिपची जागा आणि लांबी तीच राहते, आतला मजकूर तेवढा मागेपुढे सरकतो. हे साधन विद्यार्थी फारसं वापरत नाहीत, आणि सबंध एडिटमध्ये सर्वात जास्त फरक बहुधा त्यानेच पडतो.

फ्रेम मोजून कट मांडत असाल तर सांभाळा. मिनिटाला ११० ठोके असतील तर २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक ठोका १३.६ फ्रेमचा येतो. सरसकट १४ फ्रेमचे तुकडे लावले तर सोळा ठोक्यांनंतर जवळजवळ सहा फ्रेम मागे पडाल. म्हणून तुकड्यांची लांबी न मोजता आवाजाच्या लहरींवर ठोका पाहून कट ठेवा.

लखलखाटाचे कट करत असाल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त उघडझाप टाळा. प्रकाशाने अपस्मार उद्भवणाऱ्यांना त्याचा खरा धोका असतो.

प्रश्न : गाण्यात ‘वाट’ आली की वाट, ‘दिवा’ आला की दिवा दाखवलाय. शिक्षक म्हणाले, चित्रं शब्दांची हमाली करतायत. पुन्हा शूटिंग शक्य नाही.

शिक्षकांनी नेमकं सांगितलंय. चित्र शब्दांना दाखवू शकतं, शब्दांच्या पुढे जाऊ शकतं किंवा शब्दांच्या उलट बोलू शकतं. तुम्ही सगळीकडे पहिलंच केलंय. उपाय सोपा आहे : दिव्याचा शॉट ‘दिवा’ या शब्दावरून उचला आणि एक ओळ आधी किंवा नंतर ठेवा. शब्द येण्याआधी दिवा दिसला तर शब्द त्याला अर्थ देतो. नंतर दिसला तर ती आठवण होते. एकदोन ठिकाणी शब्द आणि चित्र एकत्र राहू द्या, सगळीच मोडून काढलीत तर तीही एक सवय दिसायला लागेल.

कथेचे महत्त्वाचे शॉट मधल्या वाद्यसंगीतात न्या. शब्द चालू असताना कान शब्दांत आणि डोळे गाणाऱ्या तोंडात असतात. आवाज बंद करून व्हिडिओ एका नवख्या माणसाला दाखवा. त्याला माणसांची नाती कळली तर कथा उभी आहे. एखादा दुवा तुटत असेल तर हात, पाय, वस्तू यांचे चार क्लोज-अप अर्ध्या तासात घेता येतात. त्यासाठी कलाकारही लागत नाही, कपडे आणि उजेड तेवढे जुळले पाहिजेत.

प्रश्न : गाणं साडेचार मिनिटांचं आहे, आमच्याकडे चांगलं साहित्य तीन मिनिटांचं. गाणं कापलं तर चालेल?

चालेल, पण पूर्ण आवर्तनं कापा. कट समेवर, ठोक्याच्या अगदी आधी द्या आणि जोडावर दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं) ठेवा, म्हणजे टिकटिक ऐकू येत नाही. मागे घुमणारा आवाज जोडावर तुटत असेल तर जागा बदला. हे काम चित्राच्या संकलनाआधी करायचं असतं. गाणं दुसऱ्याचं असेल तर शब्द-चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, परवानगी दोन्हींची लागते.

प्रश्न : दोन दिवस शूटिंग झालं. एक दिवस ऊन, एक दिवस ढग. शॉट एकमेकांशेजारी नांदत नाहीत.

आधी संकलनाने सोडवा : उन्हाचे शॉट ध्रुवपदाला, ढगाळ शॉट कडव्यांना. तोच फरक आता मुद्दाम केलेला दिसतो. जिथे मिसळावेच लागतात तिथे सर्वात चांगला शॉट नमुना धरा आणि बाकीच्यांचा उजेड, मग व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसेल अशी जुळणी), मग त्वचेचा रंग या क्रमाने त्याच्याशी जुळवा. तयार रंगछटा सगळ्यात शेवटी लावायची. न जुळलेल्या शॉटवर ती आधीच टाकली तर फरक झाकला न जाता उठून दिसतो.

प्रश्न : संगणकावर उत्तम दिसणारा व्हिडिओ यूट्यूबवर चढवल्यावर मऊ आणि आवाजात दबलेला वाटतो. आणि दुरुस्त्या कधी थांबवायच्या?

चढवल्यावर लगेच पाहिलात तर कमी दर्जाची प्रत दिसते, मोठी प्रत तयार व्हायला वेळ लागतो. २४ ते ३० फ्रेमच्या १०८०पी व्हिडिओसाठी यूट्यूबची शिफारस ८ एमबीपीएसची (सेकंदाला ८ मेगाबिट माहिती) आहे. तिथे पुन्हा आकुंचन होतंच, म्हणून त्याच्या दुप्पट दिलंत तरी बिघडत नाही. फ्रेम-रेट शूटिंगचाच ठेवा. आवाजासाठी कॅमेऱ्याचे ट्रॅक बंद करून मूळ वेव्ह फाइल लावा, एमपीथ्री नको. गाणं उणे १४ एलयूएफएसपेक्षा (ऐकू येणाऱ्या आवाजाची पातळी मोजायचं एकक) मोठं असेल तर यूट्यूब ते खाली आणतं. त्यामुळे लिमिटर (आवाजाची शिखरं ठरावीक पातळीवर रोखणारं साधन) लावून चेपलेलं गाणं तिथे मोठं होत नाही, नुसतं सपाट ऐकू येतं. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

थांबायचं कधी, हे अभिप्रायांवरूनच ठरवा. ताज्या प्रेक्षकांच्या दोन लागोपाठ फेऱ्यांत एकाच जागेवर दोनपेक्षा जास्त बोटं पडली नाहीत आणि ‘काय घडलं’ याची उत्तरं साधारण एकच निघाली, की चित्र कुलूपबंद करा. त्यानंतर रंग, नावं आणि आवाज एवढंच. नावं पडद्यावर दोनदा मनात वाचून होतील एवढी टिकली पाहिजेत. मग प्रत्येक कटावर फ्रेम-फ्रेमने पुढे जा. सरकवासरकवीत एखादी उरलेली फ्रेम किंवा काळी फट राहून जाते आणि ती टाइमलाइन वेगात चालवताना दिसत नाही. एक्स्पोर्ट झालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर पाहा. मगच जमा करा.